क्रेन आल्या, यार्ड आलं नाही

एप्रिल २००७ मध्ये इंग्लंडच्या ईशान्येला टाइन नदीकाठच्या वॉल्सएंड गावातला एक सौदा पक्का झाला. स्वान हंटर या जहाजबांधणी कंपनीच्या उंच क्रेन, तरंगती गोदी आणि यार्डातली बाकीची यंत्रसामग्री मुंबईच्या भारती शिपयार्डने विकत घेतली. भारती ही १९७३ साली रत्नागिरीजवळ सुरू झालेली, तेव्हा देशातल्या मोठ्या खासगी यार्डांत गणली जाणारी कंपनी. ज्या यार्डाने अटलांटिकवरचा वेगाचा विक्रम वीस वर्षं सांभाळणारं जहाज बांधलं, त्याचा सांगाडा सुटा करून कोकणकिनाऱ्याच्या उद्योगासाठी आणायचा, ही कल्पना ऐकायला फार छान होती. साहेबाचं यार्ड आपल्या दारात.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे, पण सहसा कुणी एका ओळीत मांडत नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये भारत सरकारची ३० टक्के जहाजबांधणी अनुदानाची योजना संपली. वर्षभरात जगाची जहाजवाहतूक मंदीत सापडली. २०१७ मध्ये भारतीचं प्रकरण राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणापुढे गेलं आणि २०१९ मध्ये कंपनी अवसायनात काढण्याचा आदेश झाला. क्रेन विकणारा बुडालेला होता, घेणाराही बुडाला.

सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने जहाजबांधणीसाठी ६९,७२५ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. म्हणून हा जुना सौदा पुन्हा उकरून काढायचा. सरकारने जहाजबांधणीवर पैसा घालावा का, हा प्रश्न आता उरलेला नाही. पैसा कशावर घालायचा, हा आहे. या लेखाची बाजू सरळ आहे: तो क्रेनवर आणि जमिनीवर कमी, आणि एकाच आराखड्याची जहाजं ओळीने मिळण्यावर जास्त घालावा. स्वान हंटरचा इतिहास याचा जितका नीट पुरावा देतो तितका दुसऱ्या कुठल्या कंपनीचा देत नसेल, कारण तिथे दोन्ही प्रयोग होऊन गेले आहेत.

वॉल्सएंड म्हणजे भिंतीचं टोक. रोमन सम्राट हेड्रियनने बांधलेली भिंत पूर्वेकडे जिथे संपते ती ही जागा; रोमन किल्ल्याचे अवशेष आणि यार्डाचं कुंपण अगदी शेजारी होते. चार्ल्स शेरिडन स्वान १८७९ साली वारले, आणि १८८० मध्ये जॉर्ज बर्टन हंटर यांनी त्यांच्या पत्नीबरोबर भागीदारी करून कंपनी उभी केली. टायटॅनिकमधून वाचलेल्या सातशेहून अधिक माणसांना उचलून घेणारं कार्पेथिया याच यार्डातून १९०२ साली पाण्यात उतरलं. १९०३ मध्ये शेजारच्या नेपच्यून यार्डवाल्या विगम रिचर्डसनशी विलीनीकरण झालं. ते कशासाठी? क्युनार्ड या प्रवासी जहाजं चालवणाऱ्या कंपनीच्या एका प्रचंड जहाजाची ऑर्डर मिळवण्यासाठी. ते जहाज म्हणजे मॉरेटानिया.

हे जहाज बाजारातून आलं नव्हतं, ते सरकारी पैशातून आलं होतं. ब्रिटिश सरकारने क्युनार्डला मॉरेटानिया आणि तिची बहीण लुसिटानिया या दोन जहाजांसाठी २६ लाख पौंडांचं कर्ज पावणेतीन टक्के व्याजाने दिलं, वर दर वर्षाला दीड लाख पौंड. बदल्यात अट: साडेचोवीस नॉटचा (तासाला तितके सागरी मैल) सरासरी वेग, आणि युद्धात नौदलाला वापरता येतील अशी रचना. ‘मुक्त व्यापाराच्या काळातलं ब्रिटन अनुदान देत नव्हतं’ असं सांगणाऱ्यांनी हा करार जरूर वाचावा. पण त्या पैशाची जात बघा. तो यार्डाला मिळाला नाही, जहाजाच्या मालकाला मिळाला. आणि मोजता येईल अशा वेगाच्या अटीवर मिळाला.

ही अट पुरी कशी केली, ते जवळून बघण्यासारखं आहे. तोपर्यंत एवढ्या मोठ्या जहाजात स्टीम टर्बाइन कुणी बसवलेलं नव्हतं. चार्ल्स पार्सन्स यांनी आपल्या छोट्या टर्बिनिया बोटीवर १८९७ मध्ये ३४ नॉटच्या आसपासचा वेग काढून सगळ्या नौदलाला चकित केलं होतं, पण टर्बिनिया कुठे आणि ३१,९३८ टनांची मॉरेटानिया कुठे. स्वान हंटरच्या लोकांनी १/१६ मापाचं, म्हणजे साधारण साडेसत्तेचाळीस फुटांचं लाकडी मॉडेल बांधलं. त्यात विजेच्या मोटरी बसवल्या आणि जवळच्या गोदीच्या पाण्यात ते चालवून पाहिलं. पंखे आत फिरवायचे की बाहेर, पंखे फिरवणारे चारी दांडे कुठे ठेवायचे, पंख्यांमधलं अंतर किती, हे सगळं त्या बोटीवर ठरलं. टर्बाइन बनवली शेजारच्याच वॉल्सएंड स्लिपवे कंपनीने. जहाज बांधलं ते काचेच्या छपराच्या प्रचंड शेडखाली, म्हणजे टाइनच्या पावसात काम थांबायला नको. २० सप्टेंबर १९०६ ला जहाज पाण्यात उतरलं. पश्चिमेच्या दिशेने वेगाचा विक्रम तिने १९०९ पासून १९२९ पर्यंत राखला.

या सगळ्यात क्रेन किती महत्त्वाच्या होत्या? शेडमध्ये विजेच्या क्रेन होत्या, चांगल्या होत्या. पण कुणालाही त्या विकत घेता आल्या असत्या. विकत घेता आली नसती ती हाकेच्या अंतरावर असलेली टर्बाइनवाली कंपनी, मॉडेल चालवून आकडे वाचणारी ड्रॉइंग ऑफिसातली माणसं, आणि त्यांना वर्षानुवर्षं काम पुरवणारी ऑर्डरची वही.

ऑर्डरची वही रिकामी झाली की काय होतं, हेही टाइनने फार पूर्वीच पाहिलं होतं. १९३० च्या मंदीत ब्रिटिश जहाजबांधणी कंपन्यांनी मिळून नॅशनल शिपबिल्डर्स सिक्युरिटी नावाची संस्था काढली. जादा झालेली यार्डं ती विकत घ्यायची, बंद करायची आणि त्या जमिनीवर ४० वर्षं जहाज बांधायचं नाही, अशी अट कागदावर घालायची. नदीपलीकडच्या जॅरो गावातलं पामर यार्ड असंच बंद झालं. ऑक्टोबर १९३६ मध्ये तिथली दोनशे माणसं लंडनपर्यंत चालत गेली. त्यांच्या खासदार एलेन विल्किन्सन त्यांच्यासोबत होत्या. यार्ड बंद करण्याचा हा सर्वांत स्वच्छ प्रकार म्हणावा लागेल, कारण त्यात निदान खोटं बोललं गेलं नाही. पुढच्या काळात यार्डं उघडी ठेवून आतून रिकामी करण्यात आली.

आता १९६९. त्या वर्षी २ मे रोजी राजकन्या अ‍ॅनच्या हस्ते एस्सो नॉर्थंब्रिया हा टँकर पाण्यात सोडला. वहनक्षमता अडीच लाख टनांच्या वर. डेव्हिस स्ट्रीट नावाच्या चाळवजा घरांच्या गल्लीच्या टोकाला या जहाजाचा लोखंडी डोंगर उभा असलेली छायाचित्रं प्रसिद्ध आहेत. घरांच्या धुराड्यांवरून जहाजाची नाळ दिसते. छायाचित्रकारांना ते भव्य वाटलं. जहाजबांधणी समजणाऱ्याला त्यात अडचण दिसते.

अडचण अशी. हा टँकर उतारावर, म्हणजे स्लिपवेवर, बांधला होता. स्लिपवेचा उतार साधारण वीसास एक. त्यामुळे जहाजाच्या अंगात सरळ असं काहीच नसतं. प्रत्येक उभी पट्टी ओळंब्याने न लावता उतार धरून लावावी लागते, आणि त्यासाठी त्याच कोनाच्या लाकडी पाट्या वापराव्या लागतात. बांधताना वजन कण्याखालच्या ठोकळ्यांवर असतं. सोडायच्या वेळी पाचरी ठोकून ते वजन घसरपट्टीवरच्या पाळण्यावर घ्यायचं, ठोकळे काढायचे, दोन पट्ट्यांमध्ये चरबी आणि ग्रीस भरायचं, आणि मग खिट्टी सोडायची. आधी मागचं टोक पाण्यात जाऊन तरंगू लागतं, पण नाळ अजून उतारावर असते. त्या काही क्षणांत जहाजाचं प्रचंड वजन नाळेखालच्या एका छोट्या पाळण्यावर येतं. तो चिरडला तर जहाजाच्या तळाची वाट लागते. त्यातून टाइन नदी अरुंद. समोरच्या काठावर आदळू नये म्हणून साखळ्यांचे ढीग जहाजाला बांधून ठेवायचे, ते फरफटत जाऊन वेग मारतात. हे सगळं त्यांनी आठ-दहा वेळा बिनचूक केलं, ही कमालच. पण ज्यांच्याशी स्पर्धा होती त्यांना हे करावंच लागत नव्हतं. स्वीडनच्या गोथेनबर्गजवळ आरेंडाल इथे १९६३ पासून सपाट जागेवर, छपराखाली जहाजाचे तुकडे जोडून ते पुढे ढकलत गोदीत नेत होते. जपानमध्ये कोरड्या गोद्यांमध्ये पाणी सोडलं की जहाज आपोआप वर येत होतं.

या धंद्यात एक जुना अंदाज आहे: जे काम कारखान्यात एका तासात होतं, त्याला तुकडा जोडताना तीन तास लागतात आणि जहाज पाण्यात गेल्यावर आठ. पाइप, केबलचे ट्रे, पंपांचे पाये, शिड्या हे सगळं तुकडा पालथा असताना, माणूस उभा राहून, खालच्या हाताने वेल्डिंग करतो. तेच जहाज पाण्यात असताना त्याला वाकून, डोक्यावर ठिणग्या झेलत, गॅस काढून टाकलेल्या टाकीत, दुसऱ्या दोन धंद्यांच्या माणसांना बाजूला सारून करावं लागतं. स्लिपवेवर बांधणारं यार्ड नाइलाजाने बरंच काम ‘आठ’च्या खात्यात ढकलतं. कारण एकदा स्लिपवे अडला की पुढचं जहाज थांबतं, म्हणून अर्धवट जहाज लवकर पाण्यात सोडायचं आणि धक्क्याला बांधून बाकीचं करत बसायचं. क्रेन जेवढा भार उचलते तेवढाच तुकडा मोठा करता येतो, हे खरं आहे. म्हणजे क्रेनला महत्त्व आहेच. पण तुकडा मोठा केला आणि त्याची ड्रॉइंग वेळेवर आली नाहीत, तर तो रिकामाच उचलला जातो, आणि मग मोठ्या क्रेनचा उपयोग काय.

आता ‘युनियनवाल्यांनी यार्ड खाल्लं’ या आवडत्या सिद्धांताकडे वळू. त्यात तथ्य नाही असं म्हणणं अप्रामाणिकपणाचं ठरेल. ब्रिटिश यार्डात प्लेट वाकवणारा, कडा बंद करणारा, गॅसने कापणारा, वेल्डर, शिपराइट, जॉइनर, प्लंबर, इलेक्ट्रिशियन यांची हद्द ठरलेली. एखाद्या भिंतीवर दिव्याचा ब्रॅकेट लावायचा तर त्याला दोन-तीन वेगळ्या धंद्यांचे हात लागायचे. १९७७ मध्ये पोलंडने ब्रिटनला २४ जहाजांची ऑर्डर दिली. त्यातली सात स्वान हंटरच्या वाट्याची होती. आउटफिटिंगच्या, म्हणजे जहाजाच्या आतली जोडणी करणाऱ्या, कामगारांनी सांगाड्याचं लोखंडी काम करणाऱ्या बॉयलरमेकरांच्या बरोबरीच्या पगारासाठी जादा वेळेच्या कामावर बंदी घातली होती, ती उठवायला ते तयार झाले नाहीत, आणि सातही जहाजं दुसऱ्या यार्डांना गेली. ही चूक त्यांची होती. पण हद्दी का पडल्या, हेही बघायला हवं. रोजंदारीवर जहाजापुरतं ठेवायचं आणि जहाज गेलं की घरी पाठवायचं, या पद्धतीत माणूस आपल्या हातातलं काम धरूनच बसणार. ज्याला पुढचं जहाज दिसतं तो दुसऱ्याला आपलं काम शिकवतो, ज्याला दिसत नाही तो शिकवत नाही.

भांडवलाची बाजूही धुतल्या तांदळासारखी नव्हती. १९६६ च्या गेडिस समितीने, म्हणजे जहाजबांधणीवरच्या सरकारी समितीने, सांगितलं म्हणून नदीवरची यार्डं एकत्र करण्यात आली. १९६८ मध्ये स्वान हंटर, वॉकरचं विकर्स, हेबर्नचं हॉथॉर्न लेस्ली आणि रीडहेड अशी नावं एका छत्राखाली आली. छत्र एक, पण स्लिपवे तेच, ड्रॉइंगच्या पद्धती वेगवेगळ्या, हद्दी तशाच. ठरावीक किमतीचे करार केले गेले. लोखंडाचे भाव आणि पगार वाढले आणि करार तोट्याचे झाले. जहाजाचे पैसे साधारण पाच हप्त्यांत येतात: करार, पहिली प्लेट कापणं, कणा ठेवणं, पाण्यात सोडणं, सुपूर्द करणं. कुठलाही हप्ता लांबला की बँकेचं व्याज यार्डाच्या खिशातून जातं. ऑक्टोबर १९७३ नंतरच्या काही महिन्यांत तेलाच्या किमती चौपट झाल्यावर टँकरचा बाजार कोसळला. १९७७ मध्ये राष्ट्रीयीकरण झालं तेव्हा सरकारने सगळा तोटा एका खात्यात ओढून घेतला.

त्यानंतरच्या दहा वर्षांत यार्डाला ऑर्डरही मिळाल्या. इलस्ट्रियस आणि आर्क रॉयल या दोन विमानवाहू नौका इथेच बांधल्या. फॉकलंड युद्धात बुडालेल्या अटलांटिक कन्व्हेयर या मालवाहू जहाजाच्या जागी नवी बांधून दिली. मग १९८६ मध्ये यार्ड व्यवस्थापकांनी खासगी करून घेतलं, आणि ते युद्धनौकांचं यार्ड म्हणून नोंदवलं गेल्यामुळे व्यापारी जहाजांसाठीच्या सरकारी साहाय्याचं दार बंद झालं. म्हणजे ग्राहक उरला एकच: नौदल. आणि तो एकमेव ग्राहक दर वेळी सर्वांत कमी बोलीवाल्याकडे जाणार.

मे १९९३ मध्ये ओशन या हेलिकॉप्टरवाहू नौकेचा निकाल लागला. स्वान हंटरची बोली सुमारे २१ कोटी पौंड. व्हीएसईएल या प्रतिस्पर्धी ब्रिटिश कंपनीची १४ कोटींच्या आत. फरक सात कोटी पौंडांचा. व्हीएसईएलने शहाणपणाने सांगाडा व्यापारी जहाजाच्या मापदंडांनी बांधायचं ठरवलं आणि ते काम ग्लासगोच्या गोवन यार्डाला दिलं. कागदावर सरकारने बरोबरच केलं. आठवड्याच्या आत स्वान हंटर दिवाळखोरीच्या प्रशासकांच्या ताब्यात गेलं. अर्धवट असलेल्या फ्रिगेट जातीच्या युद्धनौका पुऱ्या करून दिल्या, शेवटची रिचमंड, आणि दोन हजारांहून जास्त माणसं घरी गेली. ती फक्त वेल्डर नव्हती. इंजिनांच्या खोलीत कुठला पाइप कुठल्या केबलच्या वरून जातो हे पंचवीस वर्षं ठरवत आलेले ड्राफ्ट्समनही त्यात होते.

१९९५ मध्ये एका डच उद्योजकाने यार्ड घेतलं आणि तेल उद्योगासाठी जहाजं रूपांतरित करायला सुरुवात केली. मग डिसेंबर २००० मध्ये ब्रिटिश संरक्षण खात्याने त्याच यार्डाला सैन्य किनाऱ्यावर उतरवणाऱ्या बे वर्गातल्या दोन नौकांचं काम दिलं, वर मुख्य यार्डाची जबाबदारीही. म्हणजे डच आराखड्यावरून तपशीलवार ड्रॉइंग यांनी काढायची आणि उरलेल्या दोन नौका बांधणाऱ्या गोवनला द्यायची. इथे जे झालं ते पाठ्यपुस्तकात घालावं. नव्या आराखड्याची पहिली नौका, सात वर्षांपूर्वी पांगलेलं ड्रॉइंग ऑफिस, वेळेवर न संपणारी ड्रॉइंग, ड्रॉइंग न संपताच कापायला घेतलेल्या प्लेटा, मग चुकीच्या जागी पडलेली भोकं, ती बुजवणं, पुन्हा पाडणं. आणि ड्रॉइंग उशिरा आली म्हणून गोवनचीही भरपाईची मागणी. मुख्य यार्डाच्या कामासह २१ कोटी पौंडांची गोष्ट जुलै २००६ पर्यंत ३० कोटी ९० लाखांवर गेली, आणि तेवढ्यात एकच नौका पुरी झाली होती. दुसरी, लाइम बे, अर्धवट अवस्थेत ओढून गोवनला नेण्यात आली. काही महिन्यांनी क्रेन विकायला निघाल्या.

१९९३ मध्ये सात कोटी वाचवले, २००६ मध्ये जवळजवळ दहा कोटी जादा गेले. ही बेरीज-वजाबाकी काटेकोर नाही. मधल्या काळात महागाई झाली, मालक बदलला, आराखडा दुसऱ्याचा होता. तरीही दोन्ही आकड्यांमधला धागा एकच आहे असं माझं मत. ज्या लोकांना १९९३ मध्ये काम न देऊन पैसे वाचवले, नेमक्या त्याच लोकांची २००० मध्ये गरज पडली. ते नव्हते.

हे फक्त इंग्रजांचं दुखणं आहे असं कुणाला वाटत असेल तर त्याने माझगावकडे बघावं. माझगाव डॉकने एचडीडब्ल्यू या जर्मन कंपनीच्या आराखड्यावर दोन पाणबुड्या बांधल्या. शल्की १९९२ मध्ये आणि शंकुल १९९४ मध्ये नौदलात आली. त्यासाठी जर्मनीला पाठवून माणसं तयार केली होती. पाणबुडीच्या दाब सोसणाऱ्या कवचाचं वेल्डिंग हे साध्या जहाजाच्या वेल्डिंगसारखं नसतं. प्लेट आधी तापवायची, तापमान धरून ठेवायचं, एका वेळी किती उष्णता घालायची याला मर्यादा, आणि मग प्रत्येक सांधा एक्स-रेखाली. चूक सापडली तर घासून काढून पुन्हा, पण त्याच जागी किती वेळा, यालाही मर्यादा. पुढची ऑर्डर आली २००५ मध्ये, फ्रेंच स्कॉर्पिनची, आणि पहिली प्लेट कापली गेली २००६ अखेर. मधल्या बारा वर्षांत ती माणसं कुठे गेली? काही निवृत्त, काही आखातात, काही तेल उद्योगात. शेड तिथेच होती, यंत्रं तिथेच होती, आणि काम पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागलं. कलवरी नौदलात आली डिसेंबर २०१७ मध्ये.

त्याच डॉकमधलं दुसरं उदाहरण उलट बाजूचं. ब्रिटिश लिएंडर आराखड्यावर, विकर्स आणि यॅरो या कंपन्यांच्या साहाय्याने माझगाव डॉकने एकामागून एक सहा फ्रिगेट बांधल्या: निलगिरी १९७२ मध्ये, आणि शेवटची विंध्यगिरी १९८१ मध्ये. शेवटच्या दोन नौकांत मोठं सी किंग हेलिकॉप्टर बसेल असा बदल आपल्या लोकांनी केला. १९८३ मध्ये गोदावरी आली, तिचा आराखडा आपला. सहा सारख्या नौका लागोपाठ केल्याशिवाय सातवी स्वतःची काढता येत नाही. (यातल्या विकर्सचंच वॉकरचं ते यार्ड, जिथे १९४५ मध्ये हर्क्युलिस या नावाने पाण्यात उतरलेली विमानवाहू नौका पुढे आपली विक्रांत झाली. तिचा सांगाडा बारा वर्षं अर्धवट पडून होता.)

यावर हमखास येणारा आक्षेप असा: लागोपाठ ऑर्डर म्हणजे लाड. राष्ट्रीयीकृत स्वान हंटरला ऑर्डर होत्या, तरी ते सुधारलं नाही. आपली सरकारी यार्डंही ऑर्डरी असूनही तारखा चुकवतात. आक्षेप योग्य आहे, पण तो ऑर्डरीविरुद्ध नाही, किमतीच्या सूत्राविरुद्ध आहे. खर्चावर नफा जोडून देण्याची पद्धत असली तर यार्ड खर्च वाढवणारच. एकाच प्रकारची जहाजं ओळीने बांधली तर पहिल्या जहाजापेक्षा दुसऱ्याला, दुसऱ्यापेक्षा चौथ्याला तास कमी लागतात. साधारण प्रत्येक दुप्पट संख्येला दहा ते वीस टक्के. ही घट करारात आधीच लिहायची. पहिल्या जहाजाला अमुक तास, चौथ्याला अमुक, आणि जो तितके तास कमी करणार नाही त्याला पाचवं नाही. ड्रॉइंगची ठरावीक टक्केवारी पुरी झाल्याशिवाय प्लेट कापायची नाही, आणि प्लेट कापल्याचा हप्ता त्याआधी द्यायचा नाही. हे सोपं आहे आणि बे वर्गात हेच झालं नाही.

आता ६९,७२५ कोटींची फोड बघू. जहाजबांधणी अर्थसाहाय्य योजनेला २४,७३६ कोटी, मुदत ३१ मार्च २०३६ पर्यंत. सागरी विकास निधीला २५,००० कोटी, त्यात गुंतवणूक आणि व्याजसवलत. जहाजबांधणी विकास योजनेला १९,९८९ कोटी, ज्यातून नवी मोठी जहाजबांधणी संकुलं, यार्डांची क्षमतावाढ आणि तंत्रज्ञान केंद्र. क्षमतेचं उद्दिष्ट वर्षाला ४५ लाख ग्रॉस टन. वाईट योजना नाही. अर्थसाहाय्य दहा वर्षं दिसतंय, हे १९९३ च्या लंडनपेक्षा कितीतरी बरं. पण यातला संकुलांचा भाग सर्वांत लवकर खर्च होणार, कारण जमीन, भिंती, गोदी आणि क्रेन या गोष्टींच्या निविदा काढता येतात, उद्घाटनं होतात, फोटो येतात. ड्रॉइंग ऑफिसचं उद्घाटन होत नाही. गोदी बांधून झाल्यावर तिथे काय बांधायचं याची यादी मागाहून येते, असा आपला अनुभव आहे. भारतीचाही तोच होता. क्रेन येईपर्यंत अनुदान संपलं होतं.

जहाजं ओळीने घेणारे ग्राहक सरकारकडे आधीपासूनच आहेत. बंदरांना टग लागतात, आणि हरित टग योजनेत ठरावीक मंजूर आराखडे आहेतच, ही चांगली सुरुवात. ड्रेजर लागतात. भारतीय नौवहन महामंडळ आणि तेल कंपन्यांना मध्यम आकाराचे टँकर लागतात. तटरक्षक दलाला गस्ती नौका. यातल्या प्रत्येक गटासाठी एकच आराखडा घ्यायचा, दोन यार्डांत वाटायचा, आणि सहा सहा जहाजांच्या ओळी करायच्या. पहिलं मध्यम टँकर तीन वर्षांत निघालं आणि पुढची दर आठ महिन्यांनी, तर सहावं सहा वर्षं चार महिन्यांनी सुपूर्द होईल. अर्थसाहाय्याची मुदत मार्च २०३६ ला संपते. म्हणजे एका यार्डात लागोपाठ दोन ओळी बसवायच्या असतील, तर दुसरीच्या प्लेटा पहिली पुरी होण्याच्या बऱ्याच आधी कापायला घ्याव्या लागतील, आणि पहिलीचा करार शक्य तितक्या लवकर व्हायला हवा. आपल्याकडे अशा जहाजाची निविदा निघून निकाल लागायला सहज दोन वर्षं जातात. या वर्षीच्या निविदांच्या यादीत अशी एकही सहाची ओळ नसेल, तर दुसऱ्या ओळीचा प्रश्नच येत नाही.